कोरडी पट्टी

पट्टी पाण्यातून वर आली, तेव्हा तिच्या टोकाला थेंब लोंबत नव्हता. शीतलला एवढंच दिसलं. साळूबाईच्या बोअरभोवती जमलेल्या गर्दीला दिसला तो रंग. मघाशी याच घागरीत एक पट्टी निळी पडली होती. अंगारा टाकल्यावर दुसरी तांबडीच राहिली.

"इख उतरलं," बद्रीनाथ महाराज म्हणाला. "पाताळातला नाग रुसला व्हता. जागा मीच दावली, समजूतबी मीच घातली."

तळहातावर नारळ उभा करून ही जागा त्यानेच दाखवली होती. साळूबाईने गेलेल्या नवऱ्याच्या नावाने बोअर पाडला आणि वस्तीला पाणी मोकळं केलं. म्हणूनच सून शीतल सांगत असूनही तो बंद करायचं ती टाळत होती.

पट्ट्या शीतलच्याच. तीर्थपुरीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शीतलने त्या घरोघर वाटल्या होत्या. त्यांवर सोन्याच्या कणांचा लेप. कण डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. दात आणि सांधे बिघडवणारं फ्लोराइड पाण्यात जास्त असलं की हे कण एकमेकांना चिकटतात आणि तांबडा रंग निळा होतो. हे सांगून सांगून ती थकली होती.

"महाराज, ती पट्टी द्या इकडं."

"शंका घेतली की नाग परत येतो, सूनबाई."

"मंग येऊ द्या की," शेजारची दैवशाला म्हणाली. "कसा दिसतो ते तरी बघू."

लोक हसले. शीतलने पट्टी घेऊन नखाने खरवडली. नखात पांढुरका पापुद्रा आला. मग तिने ती त्याच अंगाऱ्याच्या घागरीत बुडवली. खरवडलेल्या जागी निळा रंग उमटला.

"नखाचा विटाळ झाला," महाराज पुटपुटला.

"मेणबत्ती घासलीय हिला," शीतल म्हणाली. "पाणी कणांपर्यंत पोचलंच नाही, तर रंग बदलेल कसा? माझंही खरं मानू नका. पट्ट्या घ्या, आपापल्या हातानं बुडवून बघा."

एकेकाने बुडवून पाहिली. साऱ्या निळ्या झाल्या. महाराज नारळ पिशवीत टाकून निघाला. त्याला कुणी थांबवलं नाही.

साळूबाईने नात तृप्तीला जवळ ओढलं, तिचा ओठ वर करून दातांवरच्या तपकिरी रेघा पाहिल्या. मग आखडलेल्या गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"त्यांच्या नावाचा हाय म्हणून जीव धजत नव्हता," ती म्हणाली. "आता हे पाणी कपाशीला. प्यायचं आजपासून बंद."