शामगहानच्या चढावर रंजनाबाई

मित्रांनो, पाठीवर अडकवायची एक जुनी खाकी पिशवी तुमच्याशी बोलते आहे. माझं आयुष्य तसं साधंच गेलं. पण त्यातला एक दिवस असा होता की तो तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म सुरतेच्या नवागाममधला. त्या वस्तीत घरोघरी खानदेशातून आलेली माणसं, आणि बहुतेकांचं काम लूमवर. तिथे विणलं जाणारं कापड साड्यांचं, फुंकरीने उडेल इतकं तलम. मी त्या जातीची नव्हे. कडोदऱ्याला ट्रकच्या ताडपत्र्या शिवताना उरलेला एक जाड तुकडा उखा शिंप्यांनी घरी आणला आणि १९९० साली आपल्या भाचीसाठी मला शिवलं.

भाचीचं नाव रंजना. लूम कामगाराची ही मुलगी मराठी शाळेत खेळाची शिक्षिका झाली होती. शिट्टी, मैदान आखायच्या चुन्याची पुडी, आयोडीनची बाटली, गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या, सगळं माझ्यात असायचं. रंजनाबाईंच्या खो-खोच्या मुली जिंकल्या की मला हवेत उडवायच्या. धुळीने माखायची मी, पण त्या धुळीचा मला अभिमान वाटायचा.

१९९३ मध्ये एका टेम्पोने बाईंना उडवलं. उजवा गुडघा पार चेचला गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या. डॉक्टर म्हणाले, "घरातल्या घरात चालता आलं तरी पुष्कळ समजा."

बाई कुबड्या टाकून शाळेत परतल्या तेव्हा मुख्याध्यापक पांडुरंग सरांनी त्यांना वाचनालयाची जागा दिली. उशी घातलेली खुर्चीही दिली. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मैदानावरची शिट्टी ऐकू आली की बाई हातातलं पुस्तक उगाच उघडायच्या आणि मिटायच्या. हे मला पुढे कळलं; तेव्हा मी घरी खिळ्याला टांगलेली. तळाशी उरलेल्या चुन्याचा दगड झाला. दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही.

मग एका पहाटे बाईंनी मला खाली काढलं, झटकलं आणि त्या गल्लीच्या तोंडापर्यंत चालून आल्या. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं पुढे. असं वर्षभर चाललं. शेवटी एका रविवारी त्या शहराबाहेर दूरच्या पलसाण्यापर्यंत चालत गेल्या आणि बसने परतल्या. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की दिवाळीच्या सुट्टीत सापुताऱ्याला पायी जायचं, आणि एकटीने.

त्यांची आई उषाबाई घाबरली आणि घरच्या अहिराणीत म्हणाली, "एकली कशी जाशी व माय? वाटमा काही झायं ते? कोन शे तठे तुनं?"

माझी बकलं लावता लावता बाई म्हणाल्या, "मी शे ना, माय."

१९९६ ची भाऊबीज उरकून आम्ही निघालो. चिखली झालं, वांसदा झालं, वघई मागे पडली. रोज जमेल तेवढं चालायचं आणि शाळेत नाहीतर ओळखीच्या घरी मुक्काम करायचा. सातव्या दिवशी सकाळी एका आश्रमशाळेतून निघालो. संध्याकाळपर्यंत सापुताऱ्याच्या अलीकडचं शामगहान गाठायचं होतं, आणि आता सगळा चढ होता.

तो दिवस पहिल्यापासूनच वाईट. गुडघा रात्रीतून सुजला होता. बाईंनी पट्टा घट्ट आवळला आणि चालू लागल्या. मी पाठीवर, त्यामुळे मला दिसायचा तो मागे पडणारा रस्ता. सागाची झाडं, बांबूची बेटं, वळणं. एरवी ती झरझर मागे जायची. त्या दिवशी एकेक झाड किती वेळ समोरून हलतच नव्हतं.

दुपारी एका वळणावर बाई माझा उजवा बंद खांद्यावरून काढून कठड्याशी टेकल्या, आणि माझ्या हातून घात झाला. माझा डावा बंद शिवणीतून उसवला. मी पाठीवरून घसरले आणि गडगडत खाली नाल्यात गेले. पाण्याची बाटली, भाकरी, गोळ्या, सगळं माझ्यात होतं.

वरून बाई कितीतरी वेळ खाली बघत होत्या. धड माणूसही जपून उतरेल असा तो उतार. मला वाटलं, आता त्या मागे फिरणार, आणि फिरल्या तर त्याला कारण मी.

बाई जमिनीवर बसल्या. दुखरा पाय सरळ पुढे ठेवला आणि हातांवर भार देत बसल्या बसल्याच खाली सरकू लागल्या. तळवे खरचटले. मध्येच एक दगड निसटला आणि त्या चांगल्या दहा हात घसरल्या. तोंडातून हुंदका फुटला. माझ्याजवळ पोचल्यावर मला पोटाशी धरून त्या रडल्या. मोठ्याने, लहान मुलीसारख्या. मित्रांनो, माझ्या बाई रडल्या हे मी लपवणार नाही. रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, भाकरी खाल्ली, आपली निळी ओढणी फाडून माझा बंद बांधला आणि मुळं धरून वर चढायला लागल्या. उतरायला लागला त्याच्या तिप्पट वेळ चढायला लागला.

वर एका झोपडीपुढे त्या डांग भागातली एक आदिवासी म्हातारी नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं झोडत होती. बाईंचे मातीने भरलेले कपडे, सोललेले हात तिने पाहिले. पाणी आणलं, मूठभर हळद आणली आणि म्हणाली, "लाव. मंग जा."

पुढे अर्ध्या तासाने मागून एसटी आली. वळणावर आपणहून थांबली. कंडक्टर दारातून वाकला आणि बाईंच्या पायाकडे बोट दाखवत गुजरातीत म्हणाला, "बेन, बेसी जाओ ने! पग तो जुओ तमारो!"

बसमधले सगळे चेहरे खिडक्यांशी आले. बाईंचा हात दाराच्या दांडीवर गेला. मला तो हात दिसत नव्हता, पण खांदा वर झाला तो मला कळला. तीन श्वास गेले असतील. मग खांदा खाली आला.

"आभार, भाई. चालीनेच जवुं छे."

चालतच जायचं आहे, हे ऐकून कंडक्टर चिडला नाही. "तो धीरे जजो," म्हणाला आणि त्याने घंटी दिली.

दर शंभर पावलांना बाई थांबत. शंभर मोजत, उभ्या राहत, पुन्हा एकपासून सुरू करत. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा शामगहानची पहिली घरं आली. चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, "कुठून आलात?" बाई म्हणाल्या, "सुरतेहून." त्याने मागचा रस्ता पाहिला, बाईंचा गुडघा पाहिला आणि गल्ल्यावरची आपली खुर्ची उचलून बाहेर आणून ठेवली. तिच्यावर मात्र त्या आनंदाने बसल्या.

दुसरा दिवस विश्रांती घेऊन, तिसऱ्या दिवशी उरलेला चढ चढून आम्ही सापुताऱ्याला पोचलो.

शाळा उघडताच बाईंनी खेळाचे तास परत मागितले. पांडुरंग सर काळजीने म्हणाले, "मैदानावर पडलात तर?"

"मुली उचलतील, सर. तेवढं त्यांना शिकवलंय मी."

सरांनी वेळापत्रक पुढे ओढलं आणि पेन्सिल मागितली.

आता मी म्हातारी झाले. माझी शिवण जागोजाग विरली आहे. तरी तुमच्याकडे एक मागणं मागते. कुणी चालेनासं झालं की आपण घाईने त्याच्यासाठी बसायची जागा शोधतो. शोधा, मायेनेच शोधा. पण मित्रांनो, त्याचा हात धरून त्याला बसवण्याआधी एकदा विचारा, "तुम्हाला कुठवर जायचं आहे?" आणि उत्तर ऐकेपर्यंत थांबा.