उत्तरेश्वरच्या जीपचा डायनामो

वीरभद्र मिस्त्रीच्या डोळ्यांवर पट्टी आहे हे कळल्यावर भूमच्या बाजारतळालगतचं त्याचं गाड्या दुरुस्तीचं पत्र्याचं शेड आता दिवाळीपर्यंत बंदच राहणार, असं लोकांनी गृहीत धरलं होतं. पण शेड रोज उघडत होतं. सकाळी त्याची बायको शिवकांता कुलूप काढायची, झाडलोट करायची, घरून नवऱ्याला हाताला धरून आणायची आणि आतल्या बाजेवर बसवायची. मग स्वतः दाराशी बसून आर्मेचरला, म्हणजे डायनामोच्या आत फिरणाऱ्या गाभ्याला, तांब्याची तार भरायची.

चार्जिंगला लावलेल्या बॅटरीची तार सोडवताना ठिणगी पडली होती. बॅटरीचं टोपण फाडकन उडालं आणि ॲसिड वीरभद्रच्या तोंडावर आलं. शिवकांता तिथंच होती. तिनं भरलेली घागर उचलून त्याच्या तोंडावर रिकामी केली, मग दुसरी केली. बार्शीच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, "त्या पाण्यानं जे वाचायचं ते वाचलंय. किती वाचलं, ते पट्टी सोडल्यावर बघू." दोन्ही डोळे बांधून त्यांनी दोघांना परत पाठवलं.

गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या घेऊन गेली. कुणी संकोचानं गेलं, कुणी न सांगताच. शिवकांतानं कुणाला अडवलं नाही. आर्मेचर भरायचं काम मात्र तिनं थांबवलं नाही, कारण ते कितीतरी वर्षं तीच करत आली होती. वीरभद्रची बोटं जाड, बारीक तार त्याच्या हातात तुटायची. पहिल्यांदा तिनं सहज म्हणून एक भरून दिलं, मग सगळीच तिच्याकडं यायला लागली. गिऱ्हाइकांना हे ठाऊक नव्हतं. वीरभद्रनं सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

दिवाळी तोंडावर आली असताना एका दुपारी उत्तरेश्वरची जीप शेडसमोर येऊन थांबली. उत्तरेश्वर डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांवरून खवा गोळा करून बार्शीच्या मिठाईवाल्यांना पोचवायचा. जीप लष्कराच्या लिलावातली, लढाईच्या काळातली. पण दसऱ्याला त्यानं तिला हिरवा रंग दिला होता आणि ती नवीसारखी चमकत होती.

"मिस्त्री, तुमी असं बसलाव, तुमाला तरी काय सांगू," तो बाजेजवळ येऊन म्हणाला. "गाडी बॅटरी भरतच न्हाय. दिवे लावले की अर्ध्या वाटंत पिवळे पडतेत. परवा खाली उतरताना रस्ताच दिसंना. तितंच थांबलो उजाडंस्तवर, सगळा खवा आंबला."

"डायनामो बघितला का कुनी?"

"दोन ठिकाणी दावला. दोगांनीबी कारबन बदलले. पुन्हा तेच. आज माल भरलेला हाय. बार्शीत पोचंस्तवर अंधार पडतो. काय करू?"

वीरभद्रनं पट्टीवर बोटं टेकवली आणि मान हलवली. "या टायमाला न्हाय व्हायचं, उत्तरेश्वर."

"व्हतंय की," शिवकांता म्हणाली. हातातलं आर्मेचर तिनं फडक्यावर ठेवलं आणि उठली. "तुमी तिथून सांगा. म्या बघते."

उत्तरेश्वरनं तिच्याकडं पाहिलं, मग मिस्त्रीकडं. "वहिनी, खेळ न्हाय ह्यो. गाडी हाय."

"गाडीच हाय, म्हणून तर बघते. खवा सावलीत ठिवा आदी."

वीरभद्रला नको म्हणायचं होतं. गिऱ्हाइकाच्या गाडीला त्यानं तिला कधी हात लावू दिला नव्हता. पण तो काही बोलायच्या आत बॉनेटची कडी वाजली, आणि पाठोपाठ तिचा आवाज आला, "डायनामोचा पट्टा चांगला ताणलेला हाय. आंगठ्यानं दाबला, हवा तेवढाच दबतोय."

"बॅटरीची टोकं?" त्याच्या तोंडून आपोआप निघालं.

"साफ हायेत. तरी हलवून बघितली, घट्ट हायेत."

"मग गाडी चालू कर म्हणावं. काटा कुठं जातोय बघ."

उत्तरेश्वरनं इंजिन चालू केलं. डॅशबोर्डवर, बॅटरीत वीज येते की जाते ते दाखवणाऱ्या छोट्या घड्याळातला काटा उणे बाजूला पडून राहिला. दिवे लावले तसा आणखी खाली गेला. शिवकांतानं इंजिन वाढवायला सांगितलं. काटा हलला नाही. म्हणजे गाडी नुसती बॅटरी खात होती, परत काही घालत नव्हती.

"कारबन बघ," वीरभद्र म्हणाला.

"दोगांनी बदललेत म्हणतेत की."

"लोकांनी बदललेलं आपन बघायचं न्हाय का?"

हे खरं होतं. तिनं डायनामोवरची पत्र्याची पट्टी सरकवली. आर्मेचरवर घासून वीज बाहेर काढणारे कारबन नवे होते, स्प्रिंगा जोरदार, आर्मेचरचं तांबं स्वच्छ. तिनं तसं सांगितलं. मग वीरभद्रनं पुढची कसोटी सांगितली, आणि ती सांगतानाच त्याच्या लक्षात आलं की शिवकांताचे हात त्याच्या शब्दांच्या पुढं चाललेत. डायनामोवरच्या दोन्ही तारा सुटल्याचा आवाज आला. फील्डच्या, म्हणजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीच्या, टोकाला तार लावून ती इंजिनाला टेकवायची, डायनामोच्या दुसऱ्या टोकाला तपासायचा दिवा लावायचा. दिवा लागला तर डायनामो जिवंत.

"वाढवा जरा इंजिन," ती म्हणाली.

उत्तरेश्वरनं पाय दाबला, आणि तिच्या हातातला दिवा भर दुपारी पांढरा फटफटीत पेटला. उत्तरेश्वर सीटवरून अर्धा उठला. "आरं तिच्या! डायनामो तर चांगला हाय!"

"पयल्यापासून चांगलाच होता," शिवकांता म्हणाली. "बिचाऱ्याचे कारबन उगाच बदलले."

तारा पुन्हा लावून ती कटआउटच्या डब्याकडं वळली. डायनामोची वीज बॅटरीकडं कधी सोडायची आणि कधी अडवायची हे तो डबा ठरवतो. आत दोन छोट्या गुंडाळ्या आणि त्यांनी ओढले जाणारे पॉइंट. तिनं झाकण काढलं. पॉइंट स्वच्छ होते. पण इंजिन चालू असताना ते जागचे हलत नव्हते.

"वढतच न्हायत," तिनं सांगितलं.

वीरभद्रनं मोठा श्वास सोडला. "मग गुंडाळी गेली. डबा बदलावा लागंल. सोलापूरशिवाय मिळायचा न्हाय. उत्तरेश्वर, आज खवा दुसऱ्या गाडीत घाल बाबा."

उत्तरेश्वरचा चेहरा पडला. दिवाळीत दुसरी गाडी कुठून रिकामी मिळणार? तो जीपमधून उतरायला लागला.

"उतरू नगा," शिवकांता म्हणाली.

"आगं, डबा गेलाय," वीरभद्र म्हणाला.

"गुंडाळी जळली असती तर वास आला असता. रंग काळा पडला असता. अशा गुंडाळ्या म्या लई बघितल्या. ही नव्या नवरीवानी हाय."

"मग वढत का न्हाय?"

"तेच बघते."

तिनं इंजिन बंद करायला लावलं आणि क्षणभर नुसतं डब्याकडं पाहिलं. गुंडाळीला वीज येते, ती कुठून तरी परत गेली पाहिजे. जाते ती गाडीच्या अंगातून. तिनं दिव्याची एक तार बॅटरीच्या जिवंत टोकाला धरली आणि दुसरी इंजिनाला टेकवली. दिवा लागला. मग तीच तार उचलून डब्याच्या लोखंडी पायाला टेकवली.

दिवा लागला नाही.

पायावर रंग होता म्हणून तिनं तो खरवडून तार दाबून धरली. तरीही नाही. ती वाकली आणि डब्याच्या पायाखाली नखानं उकरलं. नखात हिरवा, ताजा पापुद्रा आला.

"उत्तरेश्वर दादा, रंग देताना हा डबा काढला व्हता का?"

"व्हय. म्याच काढला. मागं रंग ऱ्हायला नगं म्हणून. दोन हात दिले, वाळल्यावर बसवला परत."

"अहो," ती नवऱ्याकडं वळून म्हणाली, "डबा रंगावर बसलाय. खाली रंग, पायाला रंग, स्क्रूला रंग. वीज परत जायला त्याला बॉडी मिळतच न्हाय."

वीरभद्र बाजेवर ताठ झाला. "अर्थची तार असती की त्याला, डायनामोकडनं येनारी."

"हिला न्हाय. कवाच गळून गेली असंल. इतकी वर्सं पायावरच चालत हुती."

वीरभद्रनं मान एका बाजूला कलती केली, कान शेडच्या दाराकडं लावला.

शिवकांतानं इंजिन पुन्हा चालू करायला सांगितलं. मग एक जाड तार घेऊन तिचं एक टोक इंजिनावर धरलं आणि दुसरं डब्याच्या उघड्या केलेल्या पायाला लावलं.

टक्.

आवाज एवढासा होता, पण बाजेवरून वीरभद्र ओरडला, "वढला! वढला त्यानं! आन् इंजिन बघ कसं जड झालं, भार आला त्याच्यावर. काटा बघा, काटा!"

"अधिककडं गेलाय!" उत्तरेश्वरही ओरडला. "पार कडंला टेकलाय!"

वीरभद्र हसत होता. अपघातानंतर तो पहिल्यांदा हसताना शिवकांता पाहत होती. हातातली तार सोडली तर काटा पडेल, म्हणून तिनं ती तशीच घट्ट धरून ठेवली.

मग पक्कं काम झालं. तिनं डबा काढला, मागचा पत्रा कानसीनं घासून चांदीसारखा केला, डब्याचे पाय घासले, स्क्रूखाली दातेरी वायसर घातले आणि वर डब्यापासून इंजिनापर्यंत एक नवी तारही ओढली.

"वहिनी, नव्या रंगाला वरखडा पडला की हो," उत्तरेश्वर म्हणाला.

"पडू द्या. रंगानं बॅटरी भरत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडायला बार्शीला जायचंच होतं. उत्तरेश्वरनंच सुचवलं, आजच माझ्यासंगं चला, वाटंत काही झालं तर तुमी असाल. खव्याच्या टोपल्या मागं रचल्या, वीरभद्रला त्यांच्याशेजारी बसवलं, आणि शिवकांता पुढं बसली, काट्यासमोर. दिवस कलला तसे दिवे लागले. काटा थोडा खाली आला, मध्यावर डुगडुगला आणि अधिकच्या बाजूला स्थिर झाला.

"दिवे कसे हायेत?" मागून वीरभद्रनं विचारलं.

"पांढरे. बाभळीचा काटान् काटा दिसतोय. पुढं म्हशी हायेत रस्त्यात. एक रेडकू हाय."

"वळन आलं का?"

"आलं. आता उतार."

"कट्ट्याला दगड लावलेत का, पांढरे?"

"लावलेत. एक पडलाय." ती त्याला रस्ता सांगत राहिली, आणि तो विचारत राहिला. उत्तरेश्वर गाडी चालवता चालवता ऐकत होता. थोड्या वेळानं बार्शीचे दिवे दिसले.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. उजवा डोळा स्वच्छ होता. डाव्यावर धुकं होतं; ते थोडं निवळेल, सगळं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. बारीक कामाला तो डोळा आता उपयोगाचा नव्हता. वीरभद्र दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. एकदा त्यानं उजवा डोळा झाकून समोरचा रस्ता पाहिला, मग डावा झाकून पाहिला. शिवकांता शेजारी बसली होती.

"चाल," शेवटी तो उठून म्हणाला. "जुन्या बाजारात जायचंय."

तिथं लष्करी सामानाचं एक दुकान होतं. त्यानं पान्यांचा ढीग उपसला. एकेक पाना उचलून तो तिच्या तळहातावर ठेवायचा आणि विचारायचा, "जड हाय का?" जे जड होते ते परत ढिगात गेले. शेवटी हलक्या पान्यांचा एक संच, एक लहान पक्कड आणि लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर असं बाजूला निघालं. दुकानदारानं विचारलं, "पोराला शिकवताय का, मिस्त्री?"

"न्हाय," वीरभद्र म्हणाला, "हिला पायजेत."

दोघं एसटीनं भूमला परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. शेडसमोर वाशीकडचा बब्रुवान नावाचा एक शेतकरी ट्रॅक्टर लावून बसला होता. वीरभद्रला पाहून तो उठला. "मिस्त्री, पट्टी सुटली का? बरं झालं. ह्याचा दिवा लागंना बगा."

वीरभद्रनं खिशातून किल्ली काढली आणि कुलपाशी वाकला. "त्यान्ला सांगा," तो म्हणाला. "विजेचं काम त्या बघतेत."

बब्रुवान गोंधळून शिवकांताकडं वळला. तिनं नव्या पान्यांची पिशवी काखेतून खाली घेतली, पदर खोचला आणि ट्रॅक्टरजवळ जाऊन अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला.

"ढिला हाय," ती म्हणाली. "पन तेवढ्यावर थांबायचं न्हाय. चालू करा."