बाईसाहेबांचा डब्बा

आमच्या घरचा इतिहास एका डब्यात आहे. बाहेरून चामडं, आत लाल मखमल. त्यात नखं कापायची नाजूक कैची, कानस, चिमटा आणि नावं माहीत नसलेली दोन हत्यारं. माझे सासरे श्रावणजी वर्ध्याला एका साहेबांच्या बंगल्यावर शिपाई होते. साहेबांची बदली झाली तेव्हा बाईसाहेबांनी तो त्यांना दिला. तेव्हापासून आंजी गावातल्या आमच्या घरी येईल त्या पाहुण्याला तो पाहावाच लागतो. त्यातल्या कैचीने नखं मात्र कुणीच कापली नाहीत. सासरे गेल्यावरही दर वर्षी त्यांच्या स्मृतिदिनाला सासूबाई एकेक वस्तू खोबरेल तेलाने पुसून परत ठेवत.

गेल्या वर्षी सासूबाईंना लकवा झाला. डावी मूठ मिटली ती मिटलीच. आत नखं वाढतात आणि तळव्यात रुततात. नेलकटर आत जात नाही, ब्लेडची मला भीती वाटते. जखम झाली, वास येऊ लागला. नवरा दिवसभर शेतात. ती मूठ रोज धुऊन मी थकले होते, आणि चिडलेही होते.

त्यात धाकटे दीर गजेंद्र यांचा नागपूरहून फोन आला. नव्या घरच्या शोकेससाठी रविवारी डब्बा न्यायला येतो म्हणाले. "वहिनी, एकबी वस्तू इकडची तिकडं करू नका." आईच्या हाताचं विचारलं नाही.

फोन ठेवला आणि डब्बा काढला.

"त्याले हात नोको लावू," सासूबाई म्हणाल्या. "त्याईची आठवण हाय."

"आठवणीले काई होत नाई, आई. तुमचा हात सडून राह्यला."

त्यांनी उजव्या हाताने डावी मूठ माझ्यापुढे सरकवली. वाकड्या टोकाची कैची मुठीत अलगद शिरली. इतक्या वर्षांचं तेल होतं, कुठे अडली नाही. नखं निघाली तशा त्या रडल्या, आणि मग गाढ झोपल्या.

रविवारी भाऊजींनी डब्बा उघडला. कैचीची जागा रिकामी.

"कैची कुठं हाय, वहिनी?"

"आईच्या उशाशी."

"काऊन काढली? सेट तुटला ना."

मी तोंड उघडणार तोच सासूबाईंनी उजवा हात पुढे केला. "या हाताचे राह्यले, गजू. तू काप. मंग ने डब्बा."

भाऊजींना कैची धरता येईना. बराच वेळ आईचा हात नुसताच धरून बसले. मग हळूहळू कापू लागले. मी भिंतीला पाठ टेकली.

संध्याकाळी निघताना डब्बा नेला नाही. चपला घालता घालता म्हणाले, "वहिनी, आता किती दिवसांनी वाढतीन?"

"रोजच वाढतात, भाऊजी," मी म्हटलं.