अर्ध्या कपाळाच्या आठ्या

"माताजी, माथे पर बल डालिए."

डॉक्टर म्हणजे जेमतेम पंचविशीची पोर. विजया तिच्याकडे शांतपणे बघत राहिली. कपाळ इस्त्रीच्या चादरीसारखं. तोंडाचा डावा कोपरा मात्र खाली ओघळलेला. सकाळचं कोमट पाणी त्याच कोपऱ्यातून तिच्या गळ्यावर सांडलं, आणि दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या घरातून मी तिला रिक्षात घालून इथे इस्पितळात आणलं.

"भौंहें ऊपर, माताजी."

डावी भुवई हलली नाही. उजवीही नाही.

डॉक्टरने मला बाजूला घेतलं. "अंकल, दोनों तरफ़ बल पड़ें तो दिमाग़ का मामला हो सकता है. एक ही तरफ़ पड़ें तो चेहरे की नस. ये तो कुछ कर ही नहीं रहीं. बात समझ रही हैं ना?"

म्हणजे दोन्हीकडे आठ्या आल्या तर मेंदू, एकीकडेच आल्या तर नुसती नस, थोडक्यात निभावलं. आणि स्कॅनच्या मशीनवर दुसरा पेशंट.

"समझती सब है," मी म्हणालो. "आदत नहीं है."

विजयाच्या आईला लोक खाष्ट समजायचे. बिचारी उन्हात डोळे बारीक करून धुणं वाळत घालायची, त्याच आठ्या कपाळावर कायमच्या राहिल्या. विजयाने ते बघून ठरवलं, आपलं असं होऊ द्यायचं नाही. सरकारी कचेरीत टायपिस्ट होती, तरी चष्म्याचा नंबर वेळेवर बदलायची, डोळे ताणायची नाही. ओढणी आणि काळा चष्मा लावल्याशिवाय गच्चीवर पाऊल नाही. जानेवारीच्या धुक्यातही सनस्क्रीन. झोपायचं उताणं, गाल उशीला लागता कामा नये. धुराने कातडी सुरकुतते म्हणून माझ्या सिगारेटी बंद. आणि कपाळाला आठी घालायची नाही, काहीही झालं तरी. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला फोटोग्राफर मला म्हणाला होता, "अंकल, बेटी को थोड़ा इधर." यातलं अर्धं खरं आहे.

मी स्टुलावर बसलो. "विजया, भुवया वर कर गं."

"अहो, करतेय," ती म्हणाली. शब्द ओठाच्या कडेने निसटत होते. "कसं करतात तेच आठवत नाहीये."

मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं, थापा. पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकापाशी आमच्या पूर्वजाचा घोडा अजून हिंडतो आणि मराठी माणूस दिसला की मान लववतो, हे सांगितलं. आपल्या गच्चीवरचं माकड तिचं सनस्क्रीन लावून आता वानरांत सगळ्यात तरुण दिसतं, हेही.

"बास," ती म्हणाली. कपाळ गुळगुळीत. आयुष्यभर माझ्या थापा तिने अशाच ऐकल्या होत्या.

डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि पुढची थाप सापडेना.

"विजया," मी म्हणालो, "मला त्या घरात एकट्याला जायचं नाहीये गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. उजवी भुवई हळूहळू वर चढली आणि तिच्यावर तीन आठ्या उमटल्या. डावीकडे काहीच नाही, कुणी कपाळाच्या मधोमध पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखं.

"बस, बस, ऐसे ही रहिए," डॉक्टर वाकली. मग सरळ झाली. "नस ही लगती है, अंकल. स्कॅन फिर भी कर लेंगे."

स्कॅन स्वच्छ आला. संध्याकाळी आम्ही दोघं घरी.

डावा डोळा मिटत नव्हता, म्हणून झोपताना त्यावर पट्टी लावायची होती. चष्मा लावून मी वाकलो. इतक्या जवळून तिला बघून वर्षं झाली असतील. डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक, मऊ रेषा होत्या. चांगल्या जुन्या असाव्यात.

"काय बघताय?"

"काही नाही. पट्टी सरळ बसली का बघतोय."

"पूर्वी तुमच्या थापा बऱ्या असायच्या."

मी दिवा घालवला. नेहमीप्रमाणे ती उताणी पडली होती. थोड्या वेळाने कुशीवर वळली, माझ्याकडे तोंड करून, आणि गाल उशीत दाबून झोपली.