आंबलं तर आंबलं म्हणा

क्वांग वैद्यांकडे नवा पेशंट आला की उपचाराची सुई हातात घ्यायच्या आधी त्याला खुर्चीत बसवून चार गोष्टी ऐकवल्या जात. उपाशी पोटी यायचं नाही, निदान वाटीभर पेज तरी पोटात हवी. सुपारी चघळून यायचं नाही, नाहीतर जीभ काळी दिसते आणि नसलेला रोग सापडतो. टोचताना तोंड भिंतीकडे ठेवायचं. चौथी गोष्ट सांगताना वैद्य बोट रोखत. सुई आत गेली की आंबल्यासारखं झालं तर आंबलं म्हणा, जड झालं तर जड म्हणा, काहीच वाटलं नाही तर तेही सांगा. मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलाल तर नुकसान तुमचंच.

चीनच्या हुनान प्रांतातल्या त्या नदीकाठच्या गावाला हे तोंडपाठ होतं, तरी माणसं सुपारी चघळत यायची आणि वैद्यांना खूश करायला खुशाल खोटं बोलायची. वैद्य मात्र कधी फसले नाहीत.

"गळाला मासा लागला की दोरी सांगते ना, तशी सुई सांगते," ते मुलीला, वानछिंगला, म्हणायचे. "आत काही जागं असेल तर ती धरली जाते. नसेल तर पिठात खुपसल्यागत सैल. पेशंटच्या तोंडापेक्षा आपल्या बोटांचं ऐकायचं, पोरी."

वानछिंग वीस वर्षं त्यांच्या हाताखाली शिकली. एवढ्या वर्षांत तिच्या हाताबद्दल बाबा एकच वाक्य बोलले होते, 'तुझा हात मऊ आहे.' हे कौतुक नव्हतं. स्वतःचं डोकं दुखलं तर ते आरशात बघून स्वतःच सुई लावायचे, तिला हात लावू द्यायचे नाहीत.

कंदिलांच्या सणाच्या दिवशी जेवताना त्यांच्या हातातल्या काड्या पडल्या. तोंड वाकडं झालं, उजवा हात गेला. सुईचा हात.

सरकारी दवाखान्यातून आठ दिवसांनी घरी आणलं तेव्हा छांग्शा शहरातून तिचा धाकटा भाऊ चीयुआन आला होता. तिथल्या मोठ्या केंद्रात त्याने खाट मिळवली होती, हाताला रोज व्यायाम देणारी माणसं होती.

"पहिले तीन महिने महत्त्वाचे असतात, ताई. मी म्हणत नाही, तिथले डॉक्टर म्हणतात."

"मला कुठे जायचं नाही," बाबा जड जिभेनं म्हणाले. "ही आहे ना घरात. ही टोचेल."

वानछिंग बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी आपणहून तिच्यापुढे हात धरला होता, तोही लुळा पडलेला उजवा. तिने अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात सुई घातली. बाबांनी शिस्तीत तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आंबलं," ते म्हणाले. "चांगलं आंबलं."

खरं म्हणजे सुई सैल होती. बोटांना ते कळलं, पण वानछिंगने बोटांना गप्प बसवलं. बाबा म्हणतायत म्हणजे माझाच हात चुकत असेल, असं तिला वाटलं. वीस वर्षं तिला असंच वाटत आलं होतं. तिने चीयुआनला सांगून टाकलं की आत जाग आहे, इथेच बरे होतील. तो चिडून निघून गेला.

मग रोज सकाळी सुया आणि रोज तेच, "आंबलं." हात काही हलला नाही. वेळ लागतो, बाबा म्हणत. दारावर ड्रॅगन-होड्यांच्या सणाची दवण्यासारख्या पाल्याची जुडी लागली तेव्हा चौथा महिना चालू होता.

त्या सकाळी शेजारच्या खाटेवर शेवयांच्या दुकानातल्या तान काकू होत्या. पाठीसाठी पहिल्यांदाच आलेल्या. चारही गोष्टी ऐकून त्यांनी मान डोलावली होती आणि नाश्ता मात्र केला नव्हता. वानछिंगने त्यांच्या पाठीत सुया लावून बाबांचा हात उशीवर घेतला, बेचक्यात नखानं खूण केली, सुई उचलली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वैद्यबाई, मला गरगरतंय गं."

काकू पांढऱ्याफटक पडल्या होत्या. वानछिंग सुई हातात धरूनच वळली.

आणि पाठीमागे बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आंबलं. आज तर फारच छान आंबलं."

सुई तिच्या हातात होती.

काकूंच्या सुया काढून तिने त्यांना आडवं केलं, साखरेचं गरम पाणी पाजलं. "दोन घास खाल्ले असते तर काय बिघडलं असतं, काकू?" असं रागावलीसुद्धा. काकूंना रिक्षात बसवून दिल्यावर ती आत आली आणि बाबांच्या पायाशी बसली.

"सुई मी टोचलीच नव्हती, बाबा."

तिने त्यांचा लुळा हात आपल्या हातात घेतला.

"कधीच काही वाटलं नाही ना? पहिल्या दिवसापासून?"

"नाही."

"मग का? गावभर लोकांना बोट रोखून सांगत आलात."

"पहिल्या दिवशी तू घाबरलेली होतीस," बाबा म्हणाले. "काही वाटत नाही म्हटलं असतं तर तू पुन्हा सुई धरली नसतीस. दवाखाना आता तुझा आहे. माझा हात तर गेलाच होता, तुझाही घालवायचा?" मग त्यांनीच विचारलं, "सैल आहे हे तुला कळलं नाही?"

"कळलं होतं."

"मग बोटांचं का नाही ऐकलंस?"

याचं उत्तर तिच्यापाशी होतं, पण ते या माणसाला ऐकवण्यात आता काही अर्थ नव्हता. ती रडली. चीयुआनला फोन करतानाही रडतच होती. तो ओरडला नाही, याचंच तिला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी छांग्शाची गाडी दारात आली. तिथल्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं होतं, आणा, पण आता फार आशा ठेवू नका. चीयुआन सामान ठेवत होता. बाबा खुर्चीत बसले होते, तीच नव्या पेशंटची खुर्ची. त्यांनी डावा, धडधाकट हात उशीवर ठेवला.

"एक सुई लाव."

"याला काय झालंय?"

"काही नाही. लाव."

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. वानछिंगने बेचक्यात नख दाबलं आणि सुई घातली. हळूच फिरवली. सुई धरली गेली, घट्ट, आतून कुणी ओढावी तशी. बोटांना कळलं आणि या वेळी तिने ते मानलं.

बाबांची मान ताठली. मानेपर्यंत ठणका गेलेला तिला दिसत होता.

"बाबा, सांगा ना."

"आधी तू सांग," ते म्हणाले.

"आंबलं," वानछिंग म्हणाली.

बाबांनी भिंतीकडेच बघत मान हलवली. तिने सुई काढली, कापूस दाबून धरला आणि बाहेरून चीयुआनने दोनदा हाक मारली तरी तो हात सोडला नाही.