पोशीच्या दगडावरचं पान

जव्हारच्या बाजारात हारुन लोहाराच्या दुकानात वामन सकाळपासून उकिडवा बसून होता. नाशिकच्या कॉलेजातले सर परवा खोडाळ्याला उतरणार होते, खडकात दगड होऊन बसलेली जुनी पानं नि शिंपले शोधायला. वाट दाखवायचं काम वामनचं. "तुमच्याकडचा खडक तुम्हाला ठाऊक. हत्यारं तुम्हीच निवडून ठेवा," असं सर मागच्या खेपेला सांगून गेले होते.

हारुनने घण पुढे केला. वामनने तो परत सारला. पहार नको म्हणाला. जाड छिन्नी चाचपून खाली ठेवली.

"वामनदादा, डोंगर फोडायचाय का कानातला मळ काढायचाय?"

"माझी सुई द्या त्यांना," आतून हारुनची बायको मदीना म्हणाली.

वामन हसला नाही. "बारीक पायजे. आन् एक मऊ ब्रश."

मग त्याने सांगितलं. विहीर खणताना त्याच्या लेकीला, पोशीला, एक दगड सापडला होता. वर पानाचा ठसा, शीर न् शीर उमटलेली. "बा, ह्या कशाचा पान?" तिने विचारलं. रानातलं झाडन् झाड ओळखणारा वामन अडला. मागून सांगतो म्हणाला. त्याच पावसाळ्यात पोर तापाने गेली. रीतीप्रमाणे तिच्या नावाने दगड बसवायचा होता, त्याने तोच बसवला. दर वर्षी तेल-शेंदूर चढवला. आता पान शेंदराखाली पार बुजलं होतं. सर शेंदूर काढतील, झाडाचं नाव सांगतील, मग तिथेच बसून तो पोशीला सांगणार होता.

"त्यातला तुकडा आहे?" हारुनने विचारलं.

वामनने कमरेच्या फडक्यातून एक कपची काढली. दगडाच्या कडेची, आपोआप सुटलेली. पानाचं देठ तिच्यावर होतं.

हारुनने ब्रश फिरवला. शेंदूर हलला नाही. मदीनाने रॉकेलचा बोळा आणून दिला. काही झालं नाही. शेवटी हारुनने सगळ्यात बारीक छिन्नीचं टोक हलकेच टेकवलं. पापुद्रा सुटला, पण देठ त्यालाच चिकटून आलं. कपचीवर नुसती भुकटी उरली.

"दगड कच्चा, त्यात तेल मुरलंय. शेंदूर काढला की पानही जाणार, दादा."

"दुसरं हत्यार नाय?"

"असतं तर दिलं नसतं का?"

मदीनाने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. वामनने पापुद्रा नि कपची फडक्यात बांधली. चहा निवून गेला. मग त्याने स्वतःच घण ओढला, दोन जाड छिन्न्या घेतल्या, पहार घेतली.

"आता हे कशाला?"

"सरांना पल्याडच्या ओहळावर नेतो. तिकडं दगड कठीण हाय."

"आणि पोशीचा?"

"तिकडं नाय नेत कोणाला."

पहार खांद्यावर घेऊन तो दारात थांबला.

"तवाच कुड्याचं पान म्हणालो असतो, तरी चाललं असतं. माझं सगळं खरं वाटायचं तिला."

बाजारातून त्याला शेंदूर न्यायचा होता. घरातला संपला होता.