गणूच्या अंगात आलं ते

गणू बरा झाला.

असं काही झालेलं नाही. संस्थेच्या अहवालात 'टिकाऊ परिणाम आढळला नाही' असं छापलंय, आणि छापलेल्या गोष्टीशी मी वाद घालत नाही. तेव्हा पहिलं वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. मीही ते लिहिलं नाही असं समजतो.

गणू म्हणजे पांढरा उंदीर. शहाण्णव साली विचुंब्यात एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर आमची प्रयोगशाळा होती. इमारतीला जिना होता, वरचा मजला नव्हता. प्रयोगशाळेत संशोधक म्हणून डॉ. संजना कर्णिक मॅडम, सहायक म्हणून मी, अविनाश, आणि बाकी सगळे उंदीर.

काम असं : मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी असतात. त्या उंदराच्या मेंदूच्या एकाच बाजूला विष घालून मारायच्या. मग एक औषध टोचलं की उंदीर एकाच दिशेने गोल गोल फिरतो. त्याला फिरवायला परदेशी भांडं मागवलं होतं, ते आलंच नाही. मॅडमनी पनवेलच्या बाजारातून स्टीलचा मोठा टोप आणला. दुकानदाराने सवयीप्रमाणे नाव काय घालू म्हणून विचारलं. मॅडम घाईत होत्या. टोपावर 'चि. उंदीर यास सप्रेम भेट' असं कोरून आलं.

जागा रंभाआजीची. तिच्या शेतावरच ती इमारत उभी होती. एकदा तिने टोपात डोकावलं आणि माझ्यावर डाफरली, "पोरा, ह्यो उलटा का फिरतो रं? माझ्या घरात उलटी प्रदक्षिणा नाय चालायची. सांग तुझ्या बाईला, नायतर जागा खाली करा."

मॅडमनी पुढच्या तुकडीत मेंदूची बाजू बदलली. विज्ञानाला दोन्ही बाजू सारख्या. उंदीर सुलटे फिरू लागले. आजी खूश झाली आणि फेऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून तिने टोपाच्या मधोमध सुपारीचा गणपती मांडला. त्यातल्या एका उंदराने तो खाल्ला. त्याचं नाव आजीनेच गणू ठेवलं.

आता माझे बाबा, दिनानाथ. जन्म मिठागरात गेला. भरतीचं पाणी घेण्याआधी वाफ्याचा तळ तुडवून घट्ट करतात. माणसं खांद्याला खांदा लावून एका तालात पाय मारत जातात. तेच पाय आता उंबऱ्यापाशी जमिनीला चिकटायचे. कंपवात. बाबांच्या डोक्यातही त्याच पेशी मेल्या होत्या, फक्त विष कोणी घातलं ते कुठल्या अहवालात नव्हतं. आई नव्हती, त्यामुळे खांदा कॉलनीतल्या आमच्या घरून मी त्यांना रिक्षात बसवून कामावर आणायचो आणि पिंजऱ्यांसमोर स्टुलावर ठेवायचो.

बाबांची मागणी एकच होती. "सगलीकडं धरून ने मना. पन संडासला मी माझ्या पायानं जानार."

आणि एका दुपारी ते गेले. मी गणूला औषध टोचून टोपात सोडलं होतं. त्याची नखं स्टीलवर वाजत होती, खर्र, खर्र, खर्र. बाबा उठले, दारापर्यंत चालले, उंबरा ओलांडला, आणि थोड्या वेळाने लेंग्याची नाडी बांधत परत आले. मी आणि मॅडम बघतच राहिलो.

"काय बघता? ताल लागला," बाबा म्हणाले.

मग आली उपचाराची, म्हणजे विषाणूची पाळी. बाबांनी विचारलं तेव्हा मॅडमनी नीट समजावलं. "तापात ओठावर फोड उठवतो ना काका, तो विषाणू. एकदा मज्जातंतूत शिरला की जन्मभर तिथेच राहतो. आम्ही त्याचे दात काढलेत आणि त्याच्या पाठीवर एक जीन बसवलाय. त्या जीनला एक कळ आहे. ती आम्हाला हव्या त्याच पेशींमध्ये दाबली जाते. जीन बोलायला लागला की ती पेशी स्वतः डोपामिन बनवते."

"म्हंजे अंगात येनं."

"तसं नाही हो."

"भायेरचा आत शिरतो आनि आतनं बोलतो. मंग कसं?"

मॅडम सुई भरायला लागल्या.

"मना बी द्या ती सुई."

"माणसाला द्यायची परवानगी नाही, काका."

"उंदराला कोनी दिली?"

"समितीने."

"समितीत उंदीर किती?"

गणूच्या कवटीला बारीक भोक पाडून मॅडमनी विषाणू आत सोडला. काही आठवड्यांनी त्याला पुन्हा औषध टोचलं, टोपात ठेवलं, आणि गणू फिरलाच नाही. दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा मिशा साफ करत बसून राहिला. मॅडम रडल्या. पेढे आले.

बाबा उठले, उंबऱ्यापर्यंत आले आणि चिकटले. एक पाय पुढे, एक मागे. टोपात शांतता.

"अवी, वाजव ना रं त्याला."

मी टाळ्या वाजवल्या. टोपावर चमचा वाजवला. काही उपयोग झाला नाही. त्या दिवशी लेंगा मी धुतला. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"तुझी टाळी नाय चालत," ते भिंतीला म्हणाले. "तू माझ्यासाठी वाजवतोस. गणू कुनासाठी फिरत नाय."

"तो कुठे जात पण नाही, बाबा. गोल फिरतो."

"मी तरी कुठं जातो? खाट ते संडास."

त्यानंतर रोज सकाळी मी पिंजऱ्यासमोर हात जोडायचो. प्रकल्पाच्या पगारावर असलेला मी एकटाच माणूस असेन, जो उपचार फसावा म्हणून नवस करत होता. रंभाआजीला वाटलं, पोरगा सुधारला.

पावसाळा सरता सरता गणू पुन्हा फिरू लागला. आधी अडखळत, मग पहिल्यासारखा. खर्र, खर्र. बाबा उठले आणि उंबरा ओलांडून गेले. मॅडम टेबलावर डोकं टेकून बसल्या होत्या. परत येताना बाबांनी त्यांच्या डोक्यावर थरथरता हात ठेवला. "बाय, अंगात आलेलं उतरतंच. वाईट नको वाटून घेऊस."

काय झालं ते बघायला गणूला मारावंच लागलं. मेंदूच्या चकत्या केल्या, तपासल्या. जीन पेशींमध्ये शाबूत होता, जिथे सोडला तिथेच. फक्त गप्प होता. "आत आहे," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "हाक मारली तर ओ देत नाही." त्यानंतर त्या चकत्यांच्या फ्रीजपाशी एकट्या थांबेनात. काही आणायचं असलं की मला म्हणायच्या, "अविनाश, तूही चल." दोघं जाऊन आम्ही एक डबी आणायचो.

मग प्रकल्प बंद झाला. फ्रीज, चकत्यांसकट, मुख्य कार्यालयात गेला. मॅडम परदेशी गेल्या. टोपात रंभाआजीने तांदूळ भरले.

आणि खांदा कॉलनीत, एका रविवारी भरदुपारी, बाबा खाटेवरून उठून आपले आपण संडासला गेले. आतून कडी लागल्याचा आवाज आला. ते परत येईपर्यंत मी दाराबाहेर उभा होतो.

"बाबा, कोणाच्या तालावर गेलात?"

"गणू हाय ना."

"गणू मेला."

"मेला म्हनून बसून राहील का तो?"

मी भिंतीला कान लावला, फरशीला लावला. काही नाही. ते बघून शेजारचे आपल्या पंख्याचा त्रास होतो का म्हणून विचारायला आले, त्यांना हो म्हणालो. पण त्या संध्याकाळी बाबांच्या डोक्याला तेल लावत होतो, आणि तळव्याखाली जाणवलं. कवटीच्या आत, डाव्या बाजूला, कोणीतरी चाललं होतं. बारीक नखांनी, सावकाश, गोल. मी हात काढला नाही. तेल जिरेपर्यंत तसाच बसलो.

वर्षभर बाबा चालले. उंबऱ्यावर अडले नाहीत. वळताना नेहमी उजवीकडेच झुकायचे, एवढंच.

गेल्या मंगळवारी ते खोलीच्या मधोमध थांबले. एक पाय उचललेला.

"थांबला," बाबा म्हणाले.

"दमला असेल."

"नाय रं. ते परत आलंय त्याच्या अंगात. बोलाया लागलंय." बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. "बरा झाला गणू."

मी त्यांच्या डोक्यावर तळवा ठेवला. आत काहीच वाजत नव्हतं. मी त्यांना उचलून नेलं. तेव्हापासून रोज नेतो. ते भिंतीकडे बघतात आणि माझ्याशी बोलत नाहीत.

म्हणून आज पुढील अर्ज रजिस्टर पोस्टाने रवाना केला आहे.

प्रति, मा. संचालक. विषय : मृत उंदराच्या मेंदूतील जीनने बोलणे बंद करण्याबाबत. महोदय, आपल्या ताब्यातील फ्रीजमध्ये उंदीर गणू याच्या मेंदूच्या चकत्या आहेत. त्यांतील जीन प्रकल्प बंद झाल्यानंतर विनापरवाना बोलू लागल्याचे निदर्शनास आले आहे. परिणामी सदर उंदीर बरा झाला असून त्याने फिरणे थांबवले आहे. सबब, सदर जीनास तात्काळ गप्प बसण्याचे लेखी आदेश व्हावेत, आणि श्री. दिनानाथ भोईर हयात असेपर्यंत कै. गणू यास आजारी राहण्याची मुदतवाढ मंजूर व्हावी.